प्रार्थना कुठे संपते आणि प्रचार कुठे सुरू होतो? लोकसभा निवडणूक आणि ख्रिस्ती मंडळी

लोकसभा निवडणूक जवळ आली की ख्रिस्ती मतांविषयी दोन गोष्टी छातीठोकपणे बोलल्या जातात. चर्चमधून आदेश निघतो, आणि त्या आदेशाप्रमाणे मतं एकगठ्ठा पडतात. असं बोलणाऱ्या बहुतेकांनी रविवारच्या उपासनेला कधी पाय ठेवलेला नसतो. तिथे एका पक्षाचा वॉर्डातला कार्यकर्ता ज्या बाकावर बसलेला असतो, त्याच्याच मागच्या बाकावर दुसऱ्या पक्षाचा बूथप्रमुख असतो. मिस्सात, म्हणजे कॅथलिकांच्या उपासनेत, 'एकमेकांना शांती द्या' म्हटल्यावर दोघं हातही मिळवतात. बाहेर पडल्यावर एकमेकांशी बोलतात की नाही, हा वेगळा प्रश्न.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात ख्रिस्ती लोक सुमारे २ कोटी ७८ लाख, म्हणजे २.३ टक्के. महाराष्ट्रात साधारण १० लाख ८० हजार, एक टक्क्यालाही थोडे कमीच. आणि हे दहा-अकरा लाख लोकही एकसारखे नाहीत. वसईचे कॅथलिक वेगळे, मुंबईचे ईस्ट इंडियन (इथलेच मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक) वेगळे, गोव्याहून, मंगळूरहून, केरळमधून आलेले वेगळे. अहिल्यानगर, जालना, सोलापूर भागातल्या गावोगावच्या मंडळ्या, म्हणजे एकेका चर्चचे लोक, वेगळ्या; त्यातही कुणी सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), कुणी मेथडिस्ट, कुणी साल्व्हेशन आर्मी, कुणी पेंटेकोस्टल. कुणाचा प्रश्न शेतजमिनीचा, कुणाचा शाळेच्या अनुदानाचा, कुणाचा दफनभूमीचा, कुणाचा जातीच्या दाखल्याचा. या सगळ्यांना एका ओळीत उभं करणारा आदेश काढायचा म्हटला तरी तो काढणार कोण? कॅथलिकांना बिशप आहे, बहुतेक पेंटेकोस्टल मंडळ्यांना तोही नाही.

तरी निवडणुकीच्या दिवसांत मंडळीत काहीच घडत नाही, असं मुळीच नाही. बरंच घडतं. फक्त ते बातम्यांत येतं तसं नसतं.

तारखांची टक्कर

सुरुवात कॅलेंडरपासून करू, कारण मंडळीला निवडणूक पहिल्यांदा तिथेच अडखळवते.

२०२४ चंच बघा. निवडणूक आयोगाने १६ मार्चला तारखा जाहीर केल्या आणि आचारसंहिता लागली, तेव्हा ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे शेवटचे दोन आठवडे चालू होते. ईस्टर ३१ मार्चला. म्हणजे वधस्तंभाची वाट, झावळ्यांचा रविवार, गुड फ्रायडेच्या मिरवणुका हे सगळं आचारसंहितेत. मिरवणुकीची, ध्वनिक्षेपकाची परवानगी एरवीही लागते, पण निवडणुकीत पोलिस ठाण्यातला माणूस तोच अर्ज दोनदा वाचतो. पुढे मुंबई, ठाणे, पालघरचं मतदान आलं सोमवारी, २० मे रोजी. आदल्या दिवशी, रविवारी १९ मेला होता पेंटेकॉस्ट, पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे मतदान संपण्याच्या आधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद असतो. मतदान संध्याकाळी सहाला संपणार होतं, तेव्हा शनिवारी संध्याकाळी सहापासून शांतता काळ लागला. वर्षातल्या मोठ्या सणांपैकी एक, चर्च भरलेलं, आणि दुसऱ्या दिवशी मतदान. अशा रविवारी वेदीवरून जो शब्द निघेल त्याचं वजन दुप्पट असतं. प्रवचन करणाऱ्या फादरनाही ते पक्कं ठाऊक असतं.

त्यात मे महिना. सुट्ट्या, लग्नसराई, मुलांच्या प्रथम ख्रिस्तशरीराचे (पहिल्या कम्युनियनचे) सोहळे, गावी जाणं. मतदान करून मग निघा, ही विनवणी त्या दिवसांत मिस्सानंतरच्या सूचनांमध्ये हमखास असते.

कधी टक्कर याहून थेट होते. २०१९ मध्ये तामिळनाडूचं मतदान १८ एप्रिलला ठेवलं गेलं. तो पवित्र गुरुवार होता, येशूच्या शेवटच्या भोजनाचा दिवस. संध्याकाळी पाय धुण्याचा विधी, नंतर रात्रीपर्यंत आराधना. तिथल्या बिशपांचं म्हणणं साधं होतं: बरीच मतदान केंद्रं आमच्या शाळांत असतात, शाळा आणि चर्च एकाच आवारात, त्या दिवशी लोकांनी यायचं कसं? प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं, पण तारीख काही हलली नाही. मदुराईत त्याच दिवसांत मंदिराचा चित्तिरै उत्सव होता, तिथे मतदानाची वेळ दोन तासांनी वाढवून रात्री आठपर्यंत केली गेली. आपल्याकडे सोलापूर, लातूर, नांदेड, बीडसह दहा मतदारसंघांत त्याच गुरुवारी मतदान झालं. त्याविषयी फारसं कुणी बोललं नाही, कारण इथल्या मंडळ्या संख्येने लहान.

संख्या असली की आयोग ऐकतो, हेही खरं. मणिपूरमध्ये २०२२ च्या विधानसभेचा पहिला टप्पा २७ फेब्रुवारीच्या रविवारी होता, ख्रिस्ती संघटनांनी विनंती केल्यावर तो २८ ला नेला. मिझोराममध्ये २०२३ ची मतमोजणी रविवारी ३ डिसेंबरला ठरली होती. ८७ टक्के ख्रिस्ती असलेल्या राज्यात रविवारी मोजणी म्हणजे मोजणारेच उपासना सोडून येणार. ती सोमवारी ४ डिसेंबरला घेतली गेली. बाकीच्या चार राज्यांचे निकाल रविवारी लागले, मिझोरामचा एकट्याचा दुसऱ्या दिवशी.

कायदा नेमका कशाला अडवतो

'चर्चने राजकारणात पडू नये' हे वाक्य सैल आहे. कायदा याहून बराच नेमका आहे.

पहिली गोष्ट आदर्श आचारसंहिता. तिच्यात स्पष्ट म्हटलंय की मंदिर, मशीद, चर्च किंवा कोणतंही प्रार्थनास्थळ निवडणूक प्रचाराचं व्यासपीठ म्हणून वापरायचं नाही. उमेदवार चर्चमध्ये येऊ शकतो, बाकावर बसून प्रार्थना करू शकतो, बाहेर लोकांना नमस्कार करू शकतो. माईक मात्र त्याच्या हातात जाता कामा नये. सणाच्या दिवशी पुढच्या रांगेत बसवून, शाल घालून, 'दोन शब्द बोला' म्हटलं की गडबड झाली. आमच्याकडे पाहुण्याला दोन शब्द बोलायला लावल्याशिवाय कार्यक्रम झाल्यासारखा वाटत नाही, त्यामुळे हा मोह फार मोठा.

दुसरा कायदा कमी लोकांना माहीत आहे: धार्मिक संस्था (गैरवापर प्रतिबंध) कायदा, १९८८. संस्थेची जागा राजकीय कामासाठी वापरायची नाही, संस्थेचा पैसा पक्षासाठी वापरायचा नाही, संस्थेचा समारंभ किंवा मिरवणूक राजकीय कामासाठी वापरायची नाही. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. पॅरिश हॉल (चर्चचं सभागृह) भाड्याने देणाऱ्या कमिटीने हे कलम हॉलच्या नोंदवहीवर चिकटवून ठेवावं, इतकं ते कामाचं आहे. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थांनी तर आणखी जपून राहायला हवं, कारण २०१० च्या एफसीआरए कायद्याने राजकीय पक्षांना आणि राजकीय स्वरूपाच्या संघटनांना परदेशी देणगी घ्यायला मनाई आहे.

तिसरा आणि सगळ्यात रंजक भाग आहे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम १२३. त्यात 'भ्रष्ट आचरण' कशाला म्हणायचं याची यादी आहे. लाच आहेच. पण त्याच यादीत असंही आहे की मतदाराला 'अमुक केलं नाहीस तर तुझ्यावर देवाची अवकृपा होईल' किंवा 'धर्माकडून तुझा निषेध होईल' असं भासवणं म्हणजे त्याच्या मतस्वातंत्र्यात गैरवाजवी ढवळाढवळ करणं. म्हणजे संसदेने १९५१ मध्येच ओळखलं होतं की गुंडाच्या धमकीइतकीच देवाच्या नावाची धमकी चालते, किंबहुना जास्त चालते. गुंड रात्री निघून जातो. देवाची भीती मतदाराबरोबर मतदानाच्या खोलीत आत जाते.

सर्वोच्च न्यायालयाने याची सीमारेषा १९५९ मध्येच आखली. प्रकरण ख्रिस्ती नव्हतं, नामधारी शिखांच्या गुरूंच्या हुकमाचं होतं. न्यायालय म्हणालं ते थोडक्यात असं: धर्मगुरूही नागरिकच, उमेदवारांच्या गुणदोषांवर त्याला मत आहे, ते तो सांगू शकतो, प्रचारही करू शकतो. पण ज्या क्षणी त्याचे शब्द ऐकणाऱ्याला निवड करायला जागाच ठेवत नाहीत, न ऐकल्यास देवाचा कोप होईल असं सुचवतात, त्या क्षणी तो गैरप्रभाव होतो आणि निवडणूक रद्द होऊ शकते. मत सांगायला मोकळीक आहे, भीती घालायला नाही.

याच कलमाचा दुसरा भाग म्हणजे धर्माच्या आधारावर मत मागणं. यात एक ख्रिस्ती उदाहरण आहे आणि ते चर्चच्या शाळेत शिकवावं असं आहे. २००४ मध्ये केरळच्या मुवाट्टुपुळा मतदारसंघातून पी. सी. थॉमस लोकसभेवर निवडून आले, अगदी थोडक्या मतांनी. त्यांच्या प्रचारसाहित्यात पोप जॉन पॉल दुसरे आणि मदर तेरेसा यांची छायाचित्रं होती. हरलेल्या उमेदवाराने याचिका केली. केरळ उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती निवडणूक रद्द केली आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवलं. मदर तेरेसांचा फोटो! घराघरांत भिंतीवर लावलेला. भिंतीवर तो श्रद्धेचा असतो, उमेदवाराच्या शेजारी आला की तो मत मागू लागतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या २ जानेवारी २०१७ च्या अभिराम सिंह निकालाने हे कलम आणखी रुंद झालं. सात न्यायाधीश, चार विरुद्ध तीन. आधी अर्थ घेतला जायचा की उमेदवाराने स्वतःच्या धर्माच्या नावाने मत मागू नये. आता मतदाराच्या धर्माच्या नावाने मागितलं तरी तेच. उमेदवार हिंदू असेल आणि ख्रिस्ती वस्तीत जाऊन 'तुम्ही ख्रिस्ती आहात म्हणून मला मत द्या' म्हणत असेल, तर तेही त्यात आलं. अल्पमतातल्या तीन न्यायाधीशांचं म्हणणंही विसरू नये. त्यांच्या वतीने न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं की धर्म किंवा जात यांमुळे ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांच्या त्या गाऱ्हाण्यांची चर्चा निवडणुकीत व्हायलाच हवी. ती बंद केली तर लोकशाही नुसती सांगाडा उरेल. मला हा मुद्दा पटतो. चर्चवर हल्ला झाला असेल तर उमेदवाराला 'तुम्ही त्याबद्दल काय केलंत' असं विचारणं हे धर्माच्या नावाने मत मागणं नव्हे. तो नागरिकाचा हक्क आहे.

एक बारकावा राहिला. कलम १२३ ची भ्रष्ट आचरणं उमेदवाराने, त्याच्या एजंटाने किंवा त्यांच्या संमतीने कुणी केली तर निवडणुकीवर येतात. एखाद्या पाळकाने आपल्या मनानेच काही म्हटलं तर खासदारकी लगेच जात नाही. पण १९८८ चा कायदा संस्थेला लागू आहे, तिथे उमेदवाराची संमती असो-नसो.

पत्र, उपास आणि नोटीस

बिशपचं पत्र म्हणजे काय? वर्षातून काही वेळा बिशप आपल्या धर्मप्रांतातल्या सगळ्या चर्चमध्ये वाचण्यासाठी पत्र पाठवतात. उपवासकाळाचं, सणाचं, कधी दुष्काळाचं, कधी निवडणुकीचं. निवडणुकीच्या पत्रात साधारण ठरलेला मजकूर असतो: मतदान हे कर्तव्य आहे, पैसे घेऊ नका, संविधान आणि गरिबांचा विचार करणाऱ्यांना निवडा, देशासाठी प्रार्थना करा. पक्षाचं नाव नसतं. वाचणारा आपापला अर्थ काढतो.

देशासाठी, राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना ही ख्रिस्ती उपासनेत नवी भर नाही. बायबलमध्ये तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितलंय, आणि तेव्हाचा राजा म्हणजे रोमचा सम्राट, ख्रिस्ती लोकांचा मित्र नव्हेच. मिस्सात विश्वासू जनांच्या प्रार्थना होतात तेव्हा पोप आणि बिशपांनंतर देशाच्या नेत्यांची पाळी येते, निवडणूक असो वा नसो. २०२४ मध्ये भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने, सीबीसीआयने, २२ मार्चचा शुक्रवार देशासाठी प्रार्थना आणि उपवासाचा दिवस ठरवला होता. तो उपवासकाळातलाच शुक्रवार, त्यामुळे उपास तसाही होताच.

वाद होतो तो विशेषणांवरून. नोव्हेंबर २०१७ मध्ये गुजरात विधानसभेच्या तोंडावर गांधीनगरचे आर्चबिशप थॉमस मॅकवान यांनी पत्र काढलं आणि त्यात 'राष्ट्रवादी शक्तीं'पासून देश वाचवण्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं. जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांनी त्यांना नोटीस पाठवली. मे २०१८ मध्ये दिल्लीचे आर्चबिशप अनिल कुटो यांनी देशातलं राजकीय वातावरण अशांत असल्याचं लिहून, पुढच्या वर्षीची निवडणूक लक्षात घेऊन दर शुक्रवारी उपवास आणि प्रार्थनेचं आवाहन केलं. त्यावर आठवडाभर टीव्हीवर रान उठलं. आपण कुठल्या पक्षाविरुद्ध बोललो नाही, असं आर्चबिशपांनी सांगितलं.

मला दोन्ही पत्रांत फरक दिसतो. दुसऱ्या पत्रात काळाचं वर्णन आहे, ते कुणाला पटो न पटो. पहिलं पत्र मतदान तोंडावर असताना एका बाजूला शत्रू ठरवतं, नाव न घेता नाव घेतं. ज्या मंडळीत त्या बाजूला मत देणारी माणसंही गुडघे टेकून बसली आहेत, तिथे हे पत्र वाचणाऱ्या फादरची अवस्था काय झाली असेल, याचा विचार लिहिणाऱ्याने करायला हवा होता. आणि अशी माणसं असतात. केरळमध्ये २०२४ साली त्रिशूरमधून सुरेश गोपी भाजपचे खासदार झाले. ख्रिस्ती मतदार मोठ्या संख्येने असलेल्या मतदारसंघात ख्रिस्ती मतांचा हातभार नसता तर ते कठीण होतं, असं तिथे सगळेच मानतात. मंडळी एकगठ्ठा नसते, हे त्या निकालाने बिशपांनाही सांगितलं आणि पक्षांनाही.

फादर स्वतः उभे का राहत नाहीत

कॅथलिक धर्मगुरू निवडणूक लढवताना दिसत नाहीत, याचं कारण भारतीय कायदा नाही. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मविधानात नियम २८५ आणि २८७ आहेत: राज्यसत्तेचा वापर करावा लागेल असं सार्वजनिक पद धर्मगुरूने घेऊ नये, पक्षात सक्रिय भाग घेऊ नये. अमेरिकेत रॉबर्ट ड्रायनन हे जेझुइट (येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाचे) फादर दहा वर्षं तिथल्या संसदेचे सदस्य होते, पोपच्या आदेशानंतर १९८० मध्ये त्यांनी पुन्हा उभं राहण्याचा विचार सोडला. भारतात मात्र एक जेझुइट देशाच्या घडणीतच होते: फादर जेरोम डिसोझा संविधान सभेचे सदस्य. प्रॉटेस्टंट पाळकांना असं सरसकट बंधन नाही. संविधान सभेतलेच रेव्हरंड जे. जे. एम. निकोल्स रॉय हे त्याचं उत्तम उदाहरण. ईशान्येच्या डोंगरी जिल्ह्यांना स्वायत्तता देणारी सहावी अनुसूची घडवण्यात त्यांचा मोठा वाटा.

संविधान सभेचा विषय निघालाच आहे तर इथे थोडं थांबावं लागेल, कारण आजच्या मंडळीच्या राजकारणाची मुळं तिथे आहेत. इंग्रजांच्या काळात ख्रिस्ती लोकांना स्वतंत्र जागा होत्या. १९३५ च्या कायद्याने मुंबई प्रांताच्या विधानसभेत भारतीय ख्रिस्ती लोकांसाठी ३ आणि मद्रासमध्ये ८ जागा राखीव होत्या, त्यांना मत ख्रिस्ती मतदारांनीच द्यायचं. स्वातंत्र्यानंतर हे चालू ठेवायचं की नाही यावर वाद झाला. संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी स्वतः ख्रिस्ती होते. धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा काढून टाकाव्यात हा ठराव मे १९४९ मध्ये सल्लागार समितीत त्यांनीच मांडला आणि त्याच महिन्याअखेर सभेने तो मान्य केला. राखीव कोपरा नको, सगळ्यांबरोबर उभे राहू, असा त्यामागचा विश्वास होता.

पण एक दार बंदच राहिलं. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान आले नाहीत. त्याचा निवडणुकीवरचा परिणाम बघायचा तर शिर्डी लोकसभा मतदारसंघ बघा. तो अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. त्यातच श्रीरामपूर, संगमनेर, नेवासा. श्रीरामपूर तालुक्यात हरेगाव, जिथे मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला लाखो लोक येतात. या भागातल्या मंडळ्यांमध्ये दलित समाजातून आलेली कुटुंबं खूप आहेत. त्यांना मत आहे, पण ख्रिस्ती म्हणून नोंद असेल तर त्या राखीव जागेवर उभं राहता येत नाही. भाऊ उभा राहू शकतो, बहीण नाही, असंही होतं. फरक फक्त बाप्तिस्म्याचा. अनुसूचित जमातींना धर्माची ही अट नाही, त्यामुळे आदिवासी ख्रिस्ती राखीव जागेवर उभे राहू शकतात. या प्रश्नावर २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. गावातल्या प्रार्थना सभेत उमेदवार मत मागायला आला की पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच निघतो. उमेदवार मान डोलावतात आणि चहा संपवून निघतात.

मिझोरामची गोष्ट

चर्चने निवडणुकीत काय करावं याचं देशातलं सगळ्यात धीट उदाहरण मिझोराममध्ये आहे. तिथल्या प्रेसबिटेरियन चर्चच्या पुढाकाराने २००६ मध्ये मिझोराम पीपल फोरम उभा राहिला, इतर चर्च आणि सामाजिक संस्थाही त्यात आल्या. निवडणूक आली की हा फोरम सगळ्या पक्षांना बोलावून करारावर सह्या घेतो: घरोघरी जाऊन प्रचार नाही, मेजवान्या नाहीत, पैसा वाटायचा नाही. त्याऐवजी एका मंचावर सगळे उमेदवार येतात, आपलं म्हणणं मांडतात, लोक प्रश्न विचारतात. तिथे भिंती पोस्टरांनी भरत नाहीत, रात्री कर्णे वाजत नाहीत. कायद्याने नाही, करारानेच.

याची दुसरी बाजूही आहे. ८७ टक्के ख्रिस्ती असलेल्या राज्यात चर्चने घातलेल्या नियमाला 'नाही' म्हणण्याची हिंमत किती पक्षांत असेल? आणि उरलेल्या १३ टक्क्यांना त्या व्यवस्थेत किती जागा? चर्च अंपायर झालं की त्याच्या बोटाकडे सगळे बघतात, त्यामुळे ते बोट कुणाच्या बाजूने वाकत नाही ना, हे बघणाराही कुणीतरी लागतो. तरी एक मान्य करायला हवं: तो फोरम कोणाला मत द्या हे सांगत नाही, कसं मागा हे सांगतो. महाराष्ट्रातल्या मंडळीला पूर्ण नक्कल करता येणार नाही. पण चर्चच्या जागेबाहेर, सार्वजनिक सभागृहात, सगळ्या उमेदवारांना सारखा वेळ देऊन प्रश्नोत्तरं घेणं हे कुठल्याही गावातल्या जाणत्या लोकांना जमण्यासारखं आहे.

मणिपूरमध्ये चित्र उलटं होतं. ३ मे २०२३ पासून उसळलेल्या हिंसाचारात तिथली अनेक चर्च जळाली, गावंच्या गावं उठून छावण्यांत आली. २०२४ मध्ये त्या लोकांसाठी छावण्यांजवळ विशेष मतदान केंद्रं उभारली गेली. ज्या मंडळीचं चर्च राहिलं नाही तिचे लोक छावणीतल्या रांगेत उभे राहिले. 'चर्चने राजकारणापासून लांब राहावं' हा सल्ला तिथे कुणाला ऐकवणार?

कंटाळवाणं काम

माझ्या मते मंडळीचा खरा उपयोग होतो तो मतदार यादीपाशी. त्यात भाषण नाही, टाळ्या नाहीत, म्हणून फारसं कुणी करत नाही.

वसई-मुंबईकडची यादी उघडून बघा. एकाच घरात बाप डिसोझा, मुलगा डिसुजा, सून डी सौझा. परेरा आणि परेइरा एकाच पत्त्यावर. कार्डावर एक, यादीत दुसरं, आणि केंद्रावरचा कर्मचारी बोट फिरवत बसतो. दुरुस्तीसाठी फॉर्म ८ आहे, पण तो निवडणुकीच्या आदल्या दिवशी भरून चालत नाही. दुसरा गट धर्मगुरूंचा आणि सिस्टरांचा. काही वर्षांनी बदली होते, नाव जुन्याच धर्मग्रामाच्या (एका चर्चच्या विभागाच्या) ठिकाणच्या यादीत राहतं. जिथे माणूस नेहमी राहतो तिथेच नाव हवं, हा नियम फादरनाही लागू आहे. लोकांना मतदानाचं आवाहन करणाऱ्या फादरचंच नाव जुन्या गावच्या यादीत अडकलेलं असतं, हे अनेक ठिकाणचं उघड गुपित.

तिसरा गट म्हातारी माणसं आणि कॉन्व्हेंटमधल्या आजारी सिस्टर. २०२४ पासून लोकसभेला ८५ वर्षांवरच्या आणि किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून मत देता येतं. त्यासाठी फॉर्म १२ डी, तोही निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत. मग अधिकारी घरी येतात, व्हिडिओ काढतात, गुप्तपणे मत नोंदवून घेतात. पाच दिवस म्हणजे एक रविवार मध्ये येईलच असंही नाही. सूचना वेळेत वाचली गेली नाही तर संधी गेली.

गाडीचं मात्र सांभाळून. म्हाताऱ्यांना केंद्रावर न्यायला चर्चची बस काढावीशी वाटते आणि हेतू चांगलाच असतो. पण उमेदवाराने, त्याच्या एजंटाने किंवा त्यांच्या संमतीने कुणीही मतदारांना फुकट वाहनाने नेणं हे कलम १२३ प्रमाणे भ्रष्ट आचरण आहे. बसच्या डिझेलचे पैसे कुठल्या 'हितचिंतकाने' दिले, हा प्रश्न नंतर न्यायालयात फार महाग पडतो. वृद्ध आणि दिव्यांगांसाठी आयोगाचीच वाहनाची सोय असते, ती मागवावी.

निकालानंतर काय? मंडळीत दोन-तीन रविवार अवघडलेले जातात. जिंकलेल्यांच्या बाजूचे लोक पुढच्या बाकावर बसतात आणि हरलेल्यांच्या बाजूचे उशिरा येतात. व्हॉट्सॲपवरच्या धर्मग्रामाच्या ग्रुपवर कुणीतरी टोमणा मारतो, कुणीतरी ग्रुप सोडतो. ग्रुपचे अ‍ॅडमिन बहुधा फादर किंवा सेक्रेटरी. निवडणुकीच्या दोन महिन्यांपुरता ग्रुप 'फक्त अ‍ॅडमिन संदेश टाकतील' असा ठेवला तर हे अर्धं दुखणं टळतं. ४ जून २०२४ नंतरच्या रविवारी, ९ जूनला, नव्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला आणि त्याच दिवशी सकाळी देशभरातल्या चर्चमध्ये राज्यकर्त्यांसाठी नेहमीची प्रार्थना झाली. ज्यांनी त्यांना मत दिलं होतं आणि ज्यांनी दिलं नव्हतं, दोघांनीही 'हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक' म्हटलं.

पुढच्या निवडणुकीची तयारी त्यानंतर लगेच सुरू करता येते. आता मतदार नोंदणीसाठी वर्षात एकच नव्हे, चार पात्रता तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. १७ वर्षं पूर्ण झालेली मुलंमुली फॉर्म ६ आगाऊ भरू शकतात, १८ पूर्ण झाल्यावरच्या तारखेला नाव यादीत येतं. युवक संघातल्या मुलांना हे सांगायला कोणत्याही बिशपचं पत्र लागत नाही. एखाद्या रविवारी मिस्सानंतर दोन तास, एक लॅपटॉप, आणि प्रत्येकाने आणलेला जन्मदाखला, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि फोटो, एवढं पुरतं. नावाचं स्पेलिंग मात्र पोरांना दोनदा तपासायला लावा.